गोळी, दुष्काळ आणि अप्पांचा स्वभाव

सेकंड इयरला मानसशास्त्र शिकवताना दरवर्षी एक चॅप्टर असा येतो की मागच्या बेंचवरची पोरं पण मोबाईल खाली ठेवतात. माणूस असा का वागतो याचं उत्तर त्याच्या शरीरात शोधायचं, असा तो चॅप्टर. पुस्तकात त्याला जैविक दृष्टिकोन म्हणतात. मेंदू, नसा, त्यांच्यातली रसायनं, हार्मोन्स, जीन्स आणि या सगळ्याच्या मागं लाखो वर्षांची उत्क्रांती, एवढ्यात माणसाचं वागणं बसवून दाखवायचं. आमच्या भागात हे शिकवायला एक सोय आहे, वर्गातल्या बऱ्याच पोरांचा भाऊ नाहीतर बहीण लातूरला रूम करून नीटची तयारी करत असते त्यामुळं न्यूरॉन म्हटलं की कुणी दचकत नाही. अडचण पण तीच. बायोलॉजी म्हणजे चार पर्याय आणि त्यातला एकच बरोबर, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग कुणीतरी विचारतंच, "म्हणजे मॅडम, माणूस वाईट नसतोच का, केमिकल वाईट असतंय?"

आणि दुसरा लगेच, "मग दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला शिक्षा कामून द्यायची?"

प्रश्न चांगले असतात, नेमकी तेव्हाच बेल होते. म्हणून इथं जरा सविस्तर लिहितेय.

पुस्तकातली सुरुवात फिनियस गेजपासून होते आणि माझी चिडचिड पण तिथूनच सुरू होते. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतलं व्हर्माँट राज्य, रेल्वेलाईनसाठी खडक फोडायचं काम चालू, २५ वर्षांचा मुकादम गेज भोकात सुरुंगाची दारू ठासत होता, ठिणगी पडली आणि साडेतीन फुटापेक्षा लांब, सहा किलोची लोखंडी पहार गालाखालून घुसून टाळूतून बाहेर पडली. माणूस वाचला. पण पुढं १८६८ मधे त्याच्या डॉक्टरनं, हार्लोनं, लिहिलं की त्याचे दोस्त म्हणतात हा आता गेज राहिलाच नाही. शांत, कामाचा माणूस शिवराळ आणि धरसोड झाला. मेंदूचा पुढचा भाग गेला, स्वभाव गेला, सिद्ध झालं. बास, पुस्तक इथं थांबतं. हाच गेज नंतर चिलीला गेला आणि तिथं बरीच वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत होता हे कुणी सांगत नाही. परका देश, परकी भाषा, घोडे सांभाळायचे, प्रवाशांशी बोलायचं, वेळ गाठायची. रोजच्या त्या बांधलेल्या कामानंच त्याला बराच सावरला असावा असं काही अभ्यासकांचं मत आहे. पहारीनं मेंदूचं काय केलं ते सगळ्यांना पाठ आहे, चिलीतल्या रस्त्यानं काय केलं ते परीक्षेला येत नाही म्हणून कुणी वाचत नाही.

मला विचाराल तर हा चॅप्टर गेजच्या ऐवजी आपल्या धुऱ्यावरच्या झाडपाल्यापासून सुरू करायला पाहिजे. खरंच.

सर्पगंधा घ्या. आपल्याकडं वेडावर, झोपेवर, सापाच्या विषावर पिढ्यान् पिढ्या वापरलेली मुळी. १९३१ मधे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी एक पेपर लिहिला की हिंसक झालेल्या मनोरुग्णांवर आणि वाढलेल्या ब्लडप्रेशरवर ही मुळी काम करते. १९४९ मधे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी ब्लडप्रेशरच्या पेशंटांवरचा त्यांचा अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगाच्या जर्नलमधे छापला, मग जगाचं लक्ष गेलं. १९५२ मधे स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत या मुळीतून रेसरपिन नावाचं औषध वेगळं काढलं. आता गंमत बघा, रेसरपिन घेणाऱ्या काही पेशंटांचं बीपी उतरलं पण मन पण उतरलं, उदास राहायला लागले अशा नोंदी यायला लागल्या. त्याच सुमाराला टीबीवरच्या इप्रोनियाझिड नावाच्या औषधानं उलटं दिसलं, पेशंट भलतेच खुशीत. रेसरपिन नसांमधला सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन, डोपामिनचा साठा रिकामा करतं आणि इप्रोनियाझिड त्यांचं मोडणं थांबवतं. दोन्ही एकापुढं एक ठेवलं की उदासी म्हणजे या रसायनांची कमतरता, हा सिद्धांत जवळपास आपोआपच तयार होतो, आणि १९६० च्या दशकात तसा तो झालाच.

पुढची गोष्ट अजून भारी आहे. स्वीडनच्या आर्विड कार्लसननं १९५७ मधे सशांना रेसरपिन दिलं. ससे गप्प पडले, कान पडलेले, हलेनात. मग त्यानं एल-डोपा टोचलं, मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं, आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडायला लागले. यातून कळलं की डोपामिन हे हालचालीचं रसायन आहे, आणि पार्किन्सन या हालचालीच्या आजाराचा धागा हाती लागला. २००० साली कार्लसनला नोबेल मिळालं. आणि हे एल-डोपा कशात असतं माहितीये? खाजकुयलीच्या बियांत. तीच ती, जिची कुसं शाळेत असताना दुसऱ्याच्या शर्टात टाकायचो आणि मग मास्तरचा मार खायचो. दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मधेच तिच्या बियांतून ते वेगळं काढून दाखवलं होतं. (हे वाचून कुणी धुऱ्यावरची बी खाऊ नका बरं का, किती डोस गेला ते कळायला मार्ग नसतो.)

आता आमचे अप्पा.

अप्पा म्हणजे वडलांचे थोरले भाऊ. माळकरी, आषाढीला पंढरपूर, श्रावणात परळी, गावातल्या भजनी मंडळाचा हिशोब त्यांच्याकडं. सगळ्यात आधी ती हिशोबाची वहीच बिघडली. अक्षर बारीक व्हायला लागलं, ओळीच्या सुरुवातीला बरं असायचं आणि शेवटाला मुंगीएवढं. मग चेहरा. अप्पा हसेनात. लग्नात भेटले तर नुसतं बघायचे, डोळ्याची पापणी पण हलायची नाही. भावकीत चर्चा सुरू झाली की अप्पाला वाटणीचं टोचायलंय, म्हणून तोंड धरून बसलाय. एक जण म्हणाला म्हातारपणी माज आलाय. हाताचा थरकाप सुरू झाला तेव्हा कुठं लातूरला डॉक्टरकडं नेलं, आणि तिथं पाच मिनिटांत निदान झालं की पार्किन्सन, ते तोंड धरून बसणं वगैरे काही नाही, चेहऱ्याचे स्नायूच मेंदूचं ऐकत नाहीत. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मेंदूच्या खालच्या एका काळसर पट्ट्यात असतात, आजार बाहेर दिसायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. म्हणजे भावकी ज्याला स्वभाव म्हणत होती तो त्या पट्ट्यातला तुटवडा होता.

गोळ्या सुरू झाल्या. एक एल-डोपाची, एक डोपामिनची नक्कल करणारी. अप्पा हसायला लागले, टाळ धरायला लागले, सगळं छान. आणि मग वर्षभरानं भाऊ म्हणाला की अप्पा तिरट खेळायलेत.

तिरट! ज्या माणसानं एसटीच्या सुट्ट्या पैशासाठी कंडक्टरशी वाद घातलाय तो माणूस गावाबाहेरच्या शेडमधे पोरासोरांत बसून तीन पानी खेळत होता. सोयाबीनची आडतीवरून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, सगळे त्यात गेले. विचारलं तर आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, "कळतंय मला, पन बसल्याबगर राहवंना." भाऊनं स्वतः जाऊन बघितलं, डाव सुरू व्हायच्या आधी अप्पा गळ्यातली तुळशीची माळ काढायचे, रुमालात बांधायचे, बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि मग पानं उचलायचे.

गावात दोन तर्क, एक करणी आणि दुसरा संगत. डॉक्टरनं मात्र ऐकून घेतलं आणि विचारलं, ही दुसरी गोळी किती घेतायत? नक्कल करणाऱ्या गोळीचा हा माहीत असलेला परिणाम आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ३०९० पार्किन्सन पेशंटांचा २०१० मधे छापलेला एक मोठा अभ्यास आहे, त्यात ही गोळी घेणाऱ्यांत जुगार, खरेदी, खाणं, लैंगिक वागणं यातलं काहीतरी ताब्याबाहेर गेलेले सुमारे १७ टक्के निघाले, न घेणाऱ्यांत ७ टक्के. डोपामिन फक्त हात हलवत नाही, आता काहीतरी मिळेल ही जी ओढ असते ती पण त्याच्याच हिशोबात येते. डॉक्टरनं गोळी हळूहळू कमी करत बंद केली (एकदम बंद करायची नसते), आणि थोड्या दिवसांनी अप्पांचं शेडकडं जाणं आपोआप थांबलं. कुणी समजावलं नाही, शपथ घातली नाही. गावानं पांडुरंगाला श्रेय दिलं.

मी मोठ्या आईला, म्हणजे अप्पांच्या बायकोला, सगळं समजावून सांगितलं. गोळी, रसायन, मेंदू. तिनं ऐकलं, तांदूळ निवडत होती, आणि म्हणाली, "बरं, पत्ते गोळी खेळत हुती. मग माळ कोन काढत हुतं?"

हा प्रश्न मी वर्गात जसाच्या तसा ठेवते. ओढ गोळीनं तयार केली, मान्य. पण त्या ओढीपुढं पण कुठंतरी लाज शिल्लक होती, ती चाळीस वर्षांच्या वारीतून आलेली, आणि ती पण मेंदूतच असणार की. ती काही हवेत तरंगत नव्हती. म्हणजे जैविक म्हटलं की माणूस गायब होतो हे चुकीचं, आणि माणूस म्हटलं की मेंदू गायब होतो हे पण चुकीचं. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याचं पण तेच सांगते. दारू मेंदूचा पुढचा भाग ढिला करते हे खरंच आहे. पण तोच माणूस तेवढीच पिऊन पारावर सरपंचाच्या अंगावर हात टाकत नाही. तिथं बरोबर ताबा राहतो. न्यूझीलंडच्या डुनेडिनमधे जन्मलेल्या हजारभर मुलांपैकी मुलग्यांवरचा २००२ चा अभ्यास आहे, मेंदूतली रसायनं मोडणाऱ्या एका एन्झाइमच्या जीनचा, त्यात त्या जीनचा कमजोर प्रकार असलेली मुलं पुढं हिंसक निघाली ती मुख्यतः लहानपणी मार खाल्लेली, ज्यांना घरात नीट वागवलं त्यांच्यात तो फरक दिसला नाही. नंतरच्या अभ्यासांत हे कुठं जुळलं कुठं नाही, पण निदान 'त्याच्या रक्तातच हाय' एवढ्यावर विषय संपत नाही हे नक्की.

आणि रक्ताचं आमच्याकडं जरा जास्तच असतं. एका बाजूनं मी या जैविक दृष्टिकोनाची ऋणी आहे. मराठवाड्यात भानामतीनं कितीतरी बायकांचे हाल केलेत, कुत्र्यासारखं भुंकतीय, अंगात शिरलंय, मग देवऋषी, मग मार, आणि करणी केली म्हणून शेजारची कुठलीतरी विधवा. फिट आलेल्या पोराला अजून चप्पल हुंगवतात. फिट हा मेंदूचा आजार आहे हे ग्रीसमधे हिप्पोक्रॅटिसच्या काळात अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, हान्स बर्गरनं १९२४ मधे माणसाच्या मेंदूची वीज कागदावर उमटवून दाखवली, आणि आम्ही चप्पलच शोधतोय. अमेरिकेत पण फार वेगळं नव्हतं, विसाव्या शतकाच्या मध्यात ऑटिझमचा (स्वमग्नतेचा) दोष सरळ आईवर टाकायचे, आई थंड आहे म्हणून मूल असं झालं म्हणायचे. जुळ्यांचे अभ्यास आले, मेंदूचे फोटो आले, तेव्हा त्या आयांची सुटका झाली. दोष काढून घेणं, हे या दृष्टिकोनाचं सगळ्यात मोठं काम मला वाटतं.

पण हाच दृष्टिकोन सोयरीक जमवायच्या बैठकीत जाऊन बसला की काय होतं? "पोरीच्या मामाला डोक्याचं होतं म्हणे." संपलं. चहा पिऊन पाहुणे उठतात. २०१३ मधे अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतलेला आहे, त्यात हेच निघालं की मानसिक आजाराचं कारण जैविक सांगितलं की लोक रुग्णाला दोष कमी देतात, पण हा बरा होईल ही आशा पण सोडतात. आणि आकडे काय सांगतात? स्किझोफ्रेनियात (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्याला तो असायचं प्रमाण गॉट्समननं १९९१ मधे जुने अभ्यास एकत्र करून ४८ टक्के काढलं, साध्या जुळ्यांत १७. जीनचा हात आहे हे उघड आहे. पण सगळे जीन सेम असून पण निम्म्याहून जास्त भावंडांना तो आजार झालेला नाही, बैठकीतल्या काकांना हे कोण सांगणार. तिथं मामा म्हटलं की विषय मिटतो.

मग उरलेलं कुठून येतं? इथं मला आमच्या जमिनीचं बोलायचंय.

दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात जर्मनांनी अन्न अडवलं, माणशी रोजचं रेशन हजार कॅलरीच्या खाली गेलं. त्या भुकेच्या ऐन भरात ज्यांचा गर्भ राहिला ती मुलं मोठी झाल्यावर त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. टक्का छोटाच आहे, पण दुप्पट. चीनच्या १९५९-६१ च्या दुष्काळात जन्मलेल्यांत पण तसंच दिसलं. मी हे शिकवताना दरवेळी ७२ चा दुष्काळ आठवते, म्हणजे मी बघितलेला नाही पण ऐकून ऐकून पाठ झालाय, खडी फोडायला गेलेल्या पोटुशी बाया, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी. त्या वर्षी आईच्या पोटात असलेली माणसं आता पन्नाशीच्या पुढं आहेत, आपल्याच बँकेत रांगेत उभी असतात. आज पण पोटुशी बाई आगाऊ घेतलेली उचल फेडायची म्हणून टोळीबरोबर ऊस तोडायला जातेच की. पाऊस, मुकादम, साखरेचा भाव, हे सगळं कुणाच्या तरी मेंदूच्या जडणघडणीत उतरत असतं, आणि हे मी उपमा म्हणून बोलत नाहीये.

तामिळनाडूच्या ऊस उत्पादकांचा अभ्यास तर मला आपल्याच शिवारातला वाटतो. ४६४ शेतकरी, २०१३ मधे सायन्स नावाच्या जर्नलमधे छापलेला. त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली, एकदा ऊस जायच्या आधी हात तंग असताना, एकदा पैसे आल्यावर. आधी गुण कमी, नंतर जास्त. माणूस तोच, जीन तेच, मेंदू तोच. फक्त खिसा वेगळा. आमच्याकडं कर्जबाजारी माणसाबद्दल सगळ्यात आधी काय बोलतात? अक्कल नाही, हिशोब कळत नाही, स्वभावच तसला उधळा.

म्हणून आत्महत्येच्या बातमीनंतर जेव्हा कुणी टीव्हीवर सांगतं की शेतकऱ्यांना खरी गरज समुपदेशनाची आणि औषधांची आहे, तेव्हा माझं डोकं सरकतं. औषध पाहिजेच. गोळीनं उठून बसलेली माणसं मी बघितलीत आणि 'गोळ्या खाऊ नको, नामस्मरण कर' म्हणणाऱ्यांचा मला तितकाच राग येतो. उदासी म्हणजे मेंदूत सेरोटोनिन कमी, हा सरळ हिशोब पुराव्यात नीट बसत नाही असं २०२२ मधल्या एका मोठ्या आढाव्यात म्हटलंय, त्यावर वाद आहेत, आणि हिशोब चुकला म्हणून गोळी निरुपयोगी ठरत नाही, हे पण खरं. पण २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल असताना आडतीवर त्याच्या खाली माल घालून आलेल्या माणसाला रात्री झोप नाही, तर ते रसायन हललं कशानं हे पण विचारा की. रसायन बिघडलंय म्हणजे कारण सापडलं असं नाही, कारण कुठवर आत पोचलंय तेवढं त्यातनं कळतं.

यामुळं मी अंतर्गत परीक्षेत 'जैविक दृष्टिकोनाचे गुणदोष लिहा' हा प्रश्न देणं सोडून दिलंय. त्याच्या जागी विचारलं, भाव पडलेल्या वर्षी आडतीवरून घरी आलेल्या शेतकऱ्याच्या शरीरात काय काय घडतं ते क्रमानं लिहा. बहुतेकांनी ठीकठाक लिहिलं, मेंदूतला हायपोथॅलॅमस, मग पिट्युटरी ग्रंथी, मग किडनीवरच्या ग्रंथी, मग कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन. एका पोरीनं, केज तालुक्यातली आहे, पुढचा भाग पण लिहिला जो मी वर्गात घाईत सांगितला होता, की कॉर्टिसॉल वाढलं की ते स्वतःच मेंदूला जाऊन सांगतं, आता बास, थांबव. आणि त्याच्या खाली लिहिलं: "पण तेवढ्यात बँकेचा फोन येतो आणि परत पहिल्यापासून चालू."

पेपर बघताना शेजारच्या सरांनी वाचलं आणि म्हणाले, बँकेचा फोन सिलॅबसमधे नाही, अर्धा मार्क कापा. मी नाही कापला.